दिल्लीचं जागतिक कृषी प्रदर्शन

१९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. खटपट आमच्या पापळच्या पंजाबराव देशमुखांची आणि त्यांच्या भारत कृषक समाजाची. म्हणून वऱ्हाडातून आम्हीही गेलो. अमेरिकेचं दालन ११ डिसेंबरला खुद्द आयझेनहॉवरनं उघडलेलं. ट्रॅक्टरपुढं बाबा थबकले. म्हणाले, "मंग आपल्या बैलायनं काय करावं?"

पुढं ४ मे १९६० ला अन्नमंत्री स. का. पाटलांनी अमेरिकेशी करार केला : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू, १० लाख टन तांदूळ. मोल रुपयांत द्यायचं, डॉलर नकोत. सरकारची सोय झाली. बाबा मात्र बाजारात ज्याला त्याला विचारत, "बाहेरून एवढा गहू आला, तं आपल्या जवारीले भाव कोन देईन?"