जीपचं नाक

मालाडहून बोरिवलीकडे निघालं, की पुढचं स्टेशन कांदिवली; तिथे महिंद्रांचा कारखाना. एवढ्या शेजारावर मालाडकर जीपच्या बाबतीत स्वतःला अर्धा इंजिनियर समजतो. जुनी विलीज धापा टाकताना दिसली, की सल्ला तयार : "नव्या जीपचं मॅनिफोल्ड काढून लावा हो हिला!"

इनलेट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचं नाक. कार्बुरेटरमधली हवा आणि पेट्रोल ते सिलिंडरांपर्यंत पोचवतं. युद्धातल्या विलीजच्या 'गो डेव्हिल' इंजिनात हे नाक ब्लॉकच्या बाजूला बोल्टांनी बसवलेलं असे. 1950 साली 'हरिकेन' आलं. माप तेच, 2.2 लिटर, पण इनलेट व्हॉल्व्ह मोठे होऊन वर हेडमध्ये गेले आणि 60 अश्वशक्तीची सत्तरीपार मजल गेली.

गंमत पुढेच आहे. हरिकेनचं हे नाक सुटं मिळतच नाही. ते हेडमध्येच ओतलेलं! नाक हवं तर डोकं घ्या, आणि डोक्याचे पुशरॉड बसवायचे तर ब्लॉकही दुसरा आणा. बरं, हे डोकं इतकं उंच, की 1953 च्या सीजे-3बीचं बॉनेट खुद्द विलीजवाल्यांनाच वर उचलावं लागलं. तीच उंच टोपीची जीप महिंद्रांनी पुढे कित्येक वर्षं बनवली.

म्हणून शहाणा मिस्त्री सल्लागारांना चहा पाजतो आणि कार्बुरेटर धुऊन, व्हॉल्व्ह घासून, मॅनिफोल्डचं गास्केट तेवढं बदलतो. म्हाताऱ्या इंजिनाला दुसऱ्याचं नाक नको असतं. स्वतःचंच मोकळं करून हवं असतं.