चेहऱ्यावर चिकटवलेली चिठ्ठी

अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार घ्यायला गेलं की आता मोबाईलसमोर चेहरा धरावा लागतो. तेव्हापासून गटांच्या बैठकांमध्ये आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “ताई, यंत्राला काय कळतं हो आपल्या चेहऱ्यातलं?” अंगणवाडीतलं यंत्र चेहरा फक्त जुळवून बघतं. पण चेहरा बघून माणसाला नाव ठेवणारी यंत्रंही जगात तयार झाली. त्यांचा थोडा इतिहास आज सांगतो.

लेकराला आपण गाय दाखवतो आणि म्हणतो, ही बघ गाय. दहा वेळा दाखवली की ते ओळखायला लागतं. यंत्रालाही असंच शिकवतात, फक्त त्याला लाखो फोटो लागतात आणि प्रत्येक फोटोला नावाची चिठ्ठी लागते. २००९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या फेइ-फेइ ली या संशोधक बाईंच्या गटाने ‘इमेजनेट’ नावाचा फोटोंचा साठा जगापुढे आणला. पुढे तो १ कोटी ४० लाखांच्या वर गेला. फोटो इंटरनेटवरून उचललेले. त्यात दिसणाऱ्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. चिठ्ठीवरचे शब्द आले ‘वर्डनेट’ नावाच्या इंग्रजी शब्दसाठ्यातून. त्याचं काम त्याच विद्यापीठात १९८५ पासून चालू होतं. कोणत्या फोटोला कोणता शब्द, हे देशोदेशीच्या हजारो लोकांनी संगणकापुढे बसून तपासलं. मजुरी नगावर, आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बायांना मिळते तशी.

गाय, खुर्ची, आंबा यांना नाव देणं सोपं. पण साठ्यात माणसांचेही फोटो होते आणि माणसांसाठी हजारो शब्द होते. काही साधे, काही थेट शिवीसारखे, बाईच्या चारित्र्यावर जाणारे. एक शब्द ‘कर्जदार’ असाही होता. आता सांगा, कर्ज चेहऱ्यावर दिसतं का? आपण गट चालवतो. कोणाकडे किती बाकी आहे, हे कर्जाच्या वहीतून कळतं, नाकडोळ्यांवरून नाही.

हे सगळं दहा वर्षं अभ्यासकांच्या जगात पडून होतं. साठा कोणालाही बघता येत होता, पण आत काय आहे हे साध्या माणसापर्यंत पोचलं नव्हतं. ते पोचवलं एका कलाकृतीने. सप्टेंबर २०१९ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कलाकार ट्रेव्हर पॅग्लेन आणि अभ्यासक केट क्रॉफर्ड यांनी एक प्रदर्शन भरवलं. त्यात ‘इमेजनेट रूले’ नावाची कलाकृती होती. रूले म्हणजे जुगाराचं चाक. इंटरनेटवर कोणीही आपला फोटो टाकायचा. यंत्र चेहऱ्याभोवती चौकट काढायचं आणि त्याच साठ्यातून शिकलेला एक शब्द वर लिहायचं.

लोकांनी भाग घेतला नसता तर ही कलाकृती उभीच राहिली नसती. थोड्याच दिवसांत ती जगभर पसरली. काहींना गमतीचा शब्द आला, ते हसले. कितीतरी काळ्या वर्णाच्या माणसांच्या चेहऱ्यावर मात्र ‘गुन्हेगार’ अशा अर्थाचे शब्द उमटले. त्यांना ते लागलंही असणार, कला म्हणून केलं तरी शब्द तो शब्दच. पण आता प्रत्येकजण विचारू लागला, ही चिठ्ठी लिहिली कोणी? त्याच महिन्यात इमेजनेटच्या गटाने माणसांचे सुमारे ६ लाख फोटो काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. सफाईचं काम आपण आधीच हाती घेतलं होतं, असं त्यांनी सांगितलं. ते असो, पण गोष्ट चार भिंतींबाहेर आली ती लोकांनी आपला चेहरा पुढे केला म्हणून.

दुसऱ्या एका कलाकार बाईंनी वेगळा रस्ता धरला. स्टेफनी डिंकिन्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकार. त्यांनी आपल्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांच्या आठवणी, बोलणं टिपून ठेवलं आणि त्यावरून यंत्राला शिकवलं. कलाकृतीचं नाव ‘नॉट द ओन्ली वन’, म्हणजे ‘ही एकटीच नव्हे’. बघायला येणाऱ्यांनी तिच्याशी बोलायचं, तिने उत्तर द्यायचं. ती अडखळते, कधी भलतंच बोलते, कारण एका घरातलं बोलणं यंत्राला शिकायला थोडंच पडतं. पण ते शब्द कोणाचे, हे माहीत आहे. ते विचारून घेतलेले आहेत.

या इतिहासातून आम्हाला एवढं उमगलं की यंत्राच्या मागे माणसंच असतात. फोटो कोणाचे घ्यायचे, चिठ्ठीवर काय लिहायचं, हे माणसंच ठरवतात. म्हणून माणसांनाच विचारायचं. फोटो कशासाठी घेता? तो कुठे राहणार? यंत्र चुकलं तर दाद कोणाकडे मागायची? चेहरा जुळला नाही तर मुकाट्याने घरी यायचं नाही. नोंद करायला लावायची, ग्रामसभेत विषय काढायचा.

आपल्या बैठकीत ठराव मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणी सही करत नाही, अंगठा देत नाही. यंत्राने आपल्याबद्दल काय लिहिलंय, तेही आपल्याला वाचून दाखवलं पाहिजे. येत्या बैठकीत यावर जरूर बोला.