भरल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज: पलूस परिसरातील मालवाहतूक आणि इंधनाचा हिशेब

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका कृष्णेच्या डाव्या तीरालगत पसरलेला असून त्याच्या गेल्या शतकभराच्या आर्थिक इतिहासात पिकांइतकेच महत्त्व त्या पिकांच्या वाहतुकीला आहे. कारण ऊस, दूध आणि द्राक्षे ही या पट्ट्याची तिन्ही मुख्य उत्पादने एकतर वजनाने जड आहेत किंवा लवकर नासणारी आहेत, आणि तिन्हींचा भाव ती कोठे व किती वेळात पोहोचतात यावर अवलंबून असतो. आज यांतील लवकर नासणाऱ्या मालाचा मोठा वाटा पिकअप नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पुढे केबिन व मागे उघडा हौदा असलेल्या दीड-दोन टनी गाड्या वाहून नेतात. अशी गाडी विकत घेताना ‘अ‍ॅव्हरेज किती?’, म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये ती किती किलोमीटर धावते, हा प्रश्न हटकून विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या कागदपत्रांत शोधण्याची रीत अलीकडची आहे. पलूस भागातील वाहतुकीचा इतिहास पाहिला तर इंधनाचा खर्च गाडीपेक्षा खेपेच्या नावावर मांडणे हीच येथील जुनी आणि अधिक शहाणपणाची रीत असल्याचे दिसते.

बैलगाडीच्या काळात इंधनाचा खर्च वेगळा दिसतच नसे. कडबा शेतातला, सरकी-पेंड घरातल्या साठ्यातली आणि गाडीवान बहुधा घरचाच, त्यामुळे एका खेपेला नेमके काय पडले याची रोखीत नोंद होण्याचे कारण नव्हते. शिवाय बैलाला गाडी उभी असली तरी वैरण लागते; म्हणजे खर्च वर्षभराचा आणि काम मात्र हंगामापुरते, असे हे गणित होते. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवलेली गाडी कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत रुतत असे आणि बैलांची बरीचशी ताकद मालाऐवजी चिखलाशी झुंजण्यात जाई. पुढे रबरी टायरची गाडी आली तेव्हा त्याच बैलजोडीला अधिक ऊस ओढता येऊ लागला. चाक फिरताना जमिनीकडून होणाऱ्या या विरोधाला घरंगळण-रोध म्हणतात, आणि आजच्या पिकअपच्या टायरमध्ये हवा कमी असली की डिझेल जास्त का लागते याचे कारणही तेच आहे.

रेल्वेने हा हिशेब प्रथमच रोखीत आणला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेचा पुणे–मिरज मार्ग या भागातून गेला आणि त्यावरील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर औंध संस्थानच्या पाठिंब्याने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडीची वसाहत वसवली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्यासाठी अशी जागा निवडण्यामागे रेल्वेचे सान्निध्य हे मोठे कारण होते, कारण कच्चे लोखंड व कोळसा आणणे आणि तयार नांगर दूरवर पाठवणे बैलगाडीच्या जोरावर परवडले नसते. १९३९ साली भा. ग. चितळे यांनी भिलवडीत दुधाचा व्यवसाय उभारला, तेव्हाही कृष्णाकाठचे पाणी व चारा यांच्या जोडीला हाच मार्ग उपयोगी पडला. रेल्वेचे भाडे वजनावर आणि अंतरावर ठरलेले असे, त्यामुळे वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याला आणि कारखानदाराला सरळ पावतीवर दिसू लागला.

या मार्गाला एक मोठी मर्यादा मात्र होती. तो मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा होता आणि पुण्यापासून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेज होता, त्यामुळे मुंबईला जाणारा माल पुण्यात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. नांगराला याची फारशी झळ बसत नसे. नाजूक फळाला मात्र प्रत्येक हाताळणीत इजा होते. १९७०च्या सुमारास पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, पण तोपर्यंत ट्रक बांधापर्यंत येऊ लागले होते. रुळांच्या रुंदीतील हा फरक या भागात रस्तावाहतूक वाढण्याच्या कारणांत धरला पाहिजे.

मोटारीचे युग येथे सलग आले नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशात अनेक ठिकाणी मोटारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागल्या; गाडीच्या मागे बसवलेल्या भट्टीत लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू इंजिनात सोडला जाई आणि त्यावर गाडीची ताकद बरीच घटत असे. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आणि महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत अनुक्रमे अमेरिकी बनावटीच्या मोटारी आणि विलीज जीप यांची जुळणी सुरू केली, तर १९५४ पासून जमशेदपूरला टाटांचे डिझेल ट्रक तयार होऊ लागले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेल्या गाडीपासून एसटीचा प्रारंभ झाला, आणि पुढे एसटीच्या आगारांत दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर झाले याची चालकवार नोंद ठेवण्याची पद्धत रुजली. तीच गाडी आणि तोच मार्ग असूनही चालक बदलला की आकडा बदलतो, ही गोष्ट या नोंदींमुळे उघड झाली, हे या पद्धतीचे खरे योगदान मानावे लागेल.

पलूसच्या शेतकऱ्याला डिझेलची ओळख मात्र रस्त्यावर होण्याआधी विहिरीवर झाली होती. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि तिची मंद गतीची इंजिने विहिरींवर आणि नदीकाठच्या उपसा पंपांवर बसू लागली. पाच अश्वशक्तीचे असे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल घेते, आणि एका तासात किती सरी भिजल्या हे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर असे. म्हणजे इंधनाची तुलना थेट झालेल्या कामाशी होत असे. रस्त्यावरच्या गाडीबाबत हा सरळ संबंध तुटला. किलोमीटर हे गाडीने कापलेले अंतर झाले, गाडीने केलेले काम नव्हे. रिकामी पिकअप आणि दीड टन द्राक्षे लादलेली पिकअप दोन्ही शंभर किलोमीटर गेल्या तर अंतर सारखेच भरते, पण पहिलीने बाजारात काहीही पोहोचवलेले नसते.

बजाज टेम्पोची तीनचाकी, नंतरची मॅटॅडोर, १९८६ साली आलेली टाटा ४०७, २००५ सालचा ‘छोटा हत्ती’ अर्थात टाटा एस आणि महिंद्रची बोलेरो पिकअप अशा गाड्यांच्या रूपाने लहान मालगाडी गावोगाव पोहोचली. पिकअप हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी गाडी कारखान्यातूनच मागे हौदा बसवून विकायला काढली आणि पुढे तेथे ती शेतकऱ्याची, नंतर शहरी कुटुंबाचीही गाडी बनली. अमेरिकेतील मोठी पिकअप पुष्कळदा रिकाम्या हौद्याने फिरते. पलूसची पिकअप मात्र भरल्याशिवाय गावाबाहेर काढणे मालकाला परवडत नाही. त्यामुळे नाव एक असले तरी दोन्हीकडच्या गाड्यांच्या इंधनाची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतील तफावत दोन्हीकडे आढळते. भारतात वाहनांची प्रमाणित चाचणी करणारी प्रमुख संस्था, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत गाडीची चाके रुळांवर, म्हणजे फिरत्या दंडगोलांवर ठेवून ठरावीक क्रमाने वेग कमीजास्त केला जातो. हा क्रम ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहून थोडा कमी असून त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. वेगवेगळ्या गाड्या एकाच मापाने मोजता याव्यात यासाठी अशी चाचणी लागतेच. तिच्यात खंबाटकीचा घाट, पाणंदीतला चिखल किंवा केबिनच्या टपावर चढलेली पेट्यांची थप्पी यांपैकी काहीच नसते. अमेरिकेतही नागरिकांना प्रत्यक्षात कमी अंतर मिळत असल्यामुळे २००८ च्या मॉडेलवर्षापासून अधिकृत आकडा काढण्याच्या पद्धतीत जास्त वेग, वातानुकूलन आणि थंड हवामान यांचा विचार करावा लागला. ८५०० पौंडांहून अधिक एकूण वजनाच्या पिकअपना तर आकड्याची चिठ्ठी लावण्याचे बंधनच नाही.

घाटाचा परिणाम साध्या हिशेबाने पाहता येतो. माल, चालक आणि गाडी मिळून तीन टन वजन धरले, तर ते शंभर मीटर उंच चढवण्यासाठी सुमारे तीन मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण इंजिनातील उष्णतेचा मोठा भाग धुरातून आणि रेडिएटरमधून निघून जात असल्याने चाकांपर्यंत तिचा जेमतेम तिसरा हिस्सा पोहोचतो. म्हणजे नुसत्या चढासाठी शंभर मीटरमागे पाव लिटरहून थोडे अधिक डिझेल वेगळे जळते. उतारावर हे सगळे परत मिळत नाही, कारण भरलेली गाडी ब्रेक लावत आणि खालच्या गिअरमध्येच उतरवावी लागते. सपाट महामार्गावर खर्चाचे कारण वेगळे असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवला की तो जवळजवळ पावणेदोनपट होतो, आणि ताडपत्री सैल बांधून फडफडत राहिली तर त्यात आणखी भर पडते.

द्राक्षाच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात, हे सर्व घटक एका रात्रीत एकत्र येतात. माल सकाळी उन्हाच्या आत तोडून शेडमध्ये पेट्यांत भरला जातो, संध्याकाळी गाडी लागते आणि पहाटेच्या लिलावाआधी पुण्याच्या किंवा वाशीच्या बाजारात पोहोचणे भाग असते. बांधापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर थोडे, पण ते पहिल्या-दुसऱ्या गिअरचे. हंगामात गाडीच्या मागच्या बाजूला स्प्रिंगचा जादा पाटा टाकून नेमल्यापेक्षा अधिक पेट्या चढवल्या जातात. आणि वेळ चुकली तर भाव पडतो, म्हणून चालकाला डिझेल वाचवण्यासाठी वेग कमी ठेवण्याची मुभा नसते. अनुभवी चालक त्यामुळे छापील आकडा बाजूला ठेवून टाकीपासून टाकीपर्यंतचा हिशेब धरतात. निघताना टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा पंपाच्या पावतीवर लिहायचा, परत आल्यावर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि कापलेल्या किलोमीटरला नव्याने भरलेल्या लिटरने भागायचे, अशी ही रीत आहे. एका खेपेत पंपाच्या नोझलमुळे आणि गाडी किती कलती उभी आहे यामुळे आकडा चुकतो, म्हणून अनेक खेपांची सरासरी धरली तरच तो विश्वासार्ह ठरतो.

टनामागे पाहिले तर पिकअप महागडीच आहे. समजा, दीड टन माल घेऊन ती लिटरमागे बारा किलोमीटर धावली, तर एका लिटरमध्ये अठरा टन-किलोमीटर, म्हणजे अठरा टन माल एक किलोमीटर नेण्याइतके काम झाले. सोळा टन माल नेणारा ट्रक लिटरला चारच किलोमीटर धावला तरी ते काम चौसष्ट टन-किलोमीटर भरते. तरीही पिकअप टिकली, कारण एका बागेत एका दिवशी सोळा टन काढणीयोग्य माल क्वचितच निघतो आणि ट्रक भरण्यासाठी थांबण्यात फळाचा ताजेपणा जातो. उसाचे याच्या उलट आहे. उसाचे वजन मोठे आणि अंतर थोडे, म्हणून कुंडलच्या साखर कारखान्यासारख्या कारखान्यांकडे तो बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ट्रक यांतूनच जातो. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होतो आणि तो बहुधा कारखान्याच्या सर्व उसावर सरासरीने पडतो, त्यामुळे कारखान्याच्या शेजारचा शेतकरी दूरच्या उसाच्या डिझेलचाही काही भार उचलत असतो. शेतकऱ्यांमधील ही विषमता जितकी चर्चिली जायला हवी तितकी चर्चिली जात नाही.

डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून रोज बदलू लागले, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला पेटीमागे ठरवलेले भाडे हंगाम संपेपर्यंत टिकेनासे झाले. त्यामुळे परतीच्या भाड्याला अधिकच महत्त्व आले. वाशीहून किंवा पुण्याहून येताना खत, औषधे, पुठ्ठ्याच्या पेट्या, किराणा असा काही माल मिळाला तर जाण्यायेण्याचे डिझेल दोन खेपांत वाटले जाते, आणि तो मिळाला नाही तर सगळा भार द्राक्षाच्या पेटीवर येतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे नव्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा आली, तिच्या गाळणीत साठलेली काजळी अधूनमधून जाळण्यासाठीही थोडे डिझेल खर्ची पडते आणि सतत जवळच्या खेपा करणाऱ्या गाडीला हे जाळणे वारंवार करावे लागते. सीएनजीवरच्या पिकअपही आता बाजारात आहेत. त्यांचे अ‍ॅव्हरेज लिटरमागे न सांगता किलोमागे सांगितले जाते आणि सिलिंडरांचे वजन मालाच्या क्षमतेतून वजा होते, म्हणून डिझेलच्या गाडीशी त्यांची तुलना करायची झाल्यास एक पेटी बाजारात पोहोचवायला किती रुपयांचे इंधन लागले याच मापाने ती करावी लागते.