पुठ्ठ्याच्या तीन भिंती

मागच्या भागात आपण कापडी बाहुली कशी शिवायची ते ऐकलं. आज बाहुलीबद्दल कमी आणि बाहुलीच्या पाठीमागं काय असतं, त्याबद्दल जास्त बोलणार आहोत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं नऊवारीतल्या बाहुल्या करायला घेतल्या. दहा इंची, आत चिंध्या भरलेल्या, नाकात मण्यांची नथ. मोबाइलवर फोटो काढून आम्ही ते गिऱ्हाइकांना पाठवायचो. बाहुली छान म्हणायचे सगळे, पण ऑर्डर येईना. एकीनं सरळ लिहिलं, "मागे गॅसची टाकी दिसतेय." दुसरीनं तेवढ्यावरून भाव पाडला. आमच्या एका मैत्रिणीनं तर फोटो पाठवणंच बंद केलं. ती नवऱ्याचं घर सोडून आलेली, भावाच्या पत्र्याच्या पडवीत राहते. "माझी बाहुली बघा की, माझी भिंत कशाला बघता?" असं ती बैठकीत म्हणाली. आम्हाला कुणालाच उत्तर सुचलं नाही.

मग फ्रिजचं रिकामं खोकं कापून आम्ही तीन भिंती केल्या आणि बाहुलीमागं उभ्या केल्या. त्यावर गटातल्या एका काकूंनी नाक मुरडलं. "हे खोटं घर कशाला? लोकांना फसवायला?" काकूंचं बोलणं लागलं आम्हाला. पण शोधत गेलो तेव्हा कळलं, हे खोटं घर आपल्याकडं फार जुनं आहे.

पहिलं आठवलं ते चैत्रगौरीचं. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर गौर झोपाळ्यावर बसते. तिच्यापुढं आरास मांडायची, बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, आंब्याची डाळ आणि पन्हं द्यायचं. आरास म्हणजे काय, तर पत्र्याचे डबे, पेट्या, पाट एकावर एक ठेवून पायऱ्या करायच्या, वर साडी अंथरायची, त्यावर बाहुल्या आणि खेळणी मांडायची. आणि मागं? मागं एखादा शालू नाहीतर चादर खिळ्यांना बांधायची, म्हणजे पोपडे आलेली भिंत झाकली जाते. बाजारातून आणायचं काहीच नाही. घरातलंच सगळं, महिनाभर जागा बदलून. खरं सांगायचं तर हा सण आमच्या सगळ्यांच्या घरी नव्हता. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी भातुकली मांडली ती झाडाखाली, विटांच्या भिंती करून. पण हात तोच, उरल्यासुरल्यातून खोली उभी करणारा.

१८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना सुरू केला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं साध्या घरांतूनही दिसू लागली. त्या छापील चित्रांवर बायका जर, टिकल्या आणि खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवायच्या. अशी नटवलेली चित्रं आज संग्रहांत जपून ठेवतात. चिकटवणाऱ्या बायकांची नावं मात्र त्यांच्यावर बहुधा नसतात.

पुरुषांच्या कामाला पडदा म्हणाले आणि त्याचा इतिहास लिहिला गेला. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं. त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. १८८० साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. पुढं नाटक कंपन्यांचे राजवाडे, जंगलं, रस्ते रंगवलेल्या पडद्यांवर दिसू लागले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर असे पडदे रंगवण्यात नावाजलेले. फोटो स्टुडिओतही तेच झालं. जत्रेत आपले आजी-आजोबा रंगवलेल्या खांबांपुढं, कारंज्यापुढं उभे राहून फोटो काढून घ्यायचे. त्यांना कुणी खोटं म्हटलं नाही.

बाबूराव पुढं सिनेमात आले तेव्हा त्यांनी सपाट पडद्याच्या जागी खरी जाडी-रुंदी असलेले देखावे उभारले. सपाट चित्रापुढं माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. आमच्या पहिल्या फोटोंत हेच चुकलं होतं, नुसती एक साडी मागं टांगली होती. मराठीत घराच्या भागालाही खोली म्हणतात आणि विहिरीच्या मापालाही. बाजूच्या दोन भिंती उभ्या केल्या आणि फोटोला खोली आली.

उजेडाचा धडा सरस्वतीबाई फाळके यांच्याकडून घ्यावा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. पडद्यावरची तारामती पुरुषानं केली होती, कारण काम करायला बाई मिळेना. पडद्यामागं मात्र बाई होती. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्म धुतली, आणि भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. चादरीवरून ऊन उलटून नटाच्या तोंडावर पडावं म्हणून. आम्ही बाहुलीसमोर स्टीलचं ताट धरत होतो, त्यानं चेहऱ्यावर पांढरा डाग यायचा. पांढरं धोतर धरलं आणि नथसुद्धा नीट दिसली.

आता थोडं लांब, अमेरिकेला जाऊ. त्याचं कारण असं, की शहरातल्या एका ताईंनी आमच्या भिंतींचा फोटो बघून विचारलं, "माझ्या मुलीच्या बार्बीसाठी अशी खोली कराल का?" तेव्हा आम्ही बार्बीच्या घराची माहिती काढली. ही बाहुली १९५९ साली रूथ हँडलर यांनी आणली. त्यांची मॅटेल कंपनी १९४५ साली सुरू झाली ती फोटोच्या चौकटी करायला. चौकटी कापून उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांपासून त्यांनी बाहुलीघराचं सामान केलं, आणि खेळण्यांचा धंदा तिथून लागला. मॅट आणि एल, म्हणजे मॅटसन आणि एलियट हँडलर, या दोघा पुरुषांच्या नावांतून कंपनीचं नाव झालं. रूथबाईंचं अक्षर त्यात नाही!

बार्बीचं पहिलं घर १९६२ साली आलं. ते पुठ्ठ्याचं होतं! घडी घालून उचलून न्यायचं. एकच खोली, एका माणसाचा पलंग, पुस्तकं, गाणी ऐकायचं यंत्र. स्वयंपाकघर नाहीच. हे वाचून दाखवलं तेव्हा आमची ती मैत्रीण म्हणाली, "म्हणजे तिचं तिचं घर." त्या काळी तिथल्या अनेक बँका बाईला कर्ज देताना नवऱ्याची सही मागत. बाई म्हणून कर्ज नाकारायचं नाही, असा कायदा तिथं १९७४ साली झाला. बाहुलीला घर मिळून बारा वर्षं झाली होती.

आपल्याकडं चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, पुढं 'लक्ष्मीमुक्ती'त कित्येक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. त्या दिवशी बैठकीत आम्ही विचारलं, घराच्या उताऱ्यावर कुणाकुणाचं नाव आहे? तेरा जणींत दोन हात वर झाले. नाक मुरडणाऱ्या काकूंचा हात खालीच होता.

आता करायचं कसं ते सांगतो. आपण साधारण पाच फुटी, बाहुली दहा इंची, म्हणजे ती आपल्या सहाव्या हिश्श्याची. म्हणून खऱ्या घरातला एक फूट, तर बाहुलीच्या घरात दोन इंच. साडेसहा फुटी दार तेरा इंचांचं, तीन फुटी खिडकी सहा इंचांची, फूटभराची फरशी दोन इंचांची. माप चुकलं की बाहुली एकदम राक्षसीण दिसते, आमची पहिली तशीच दिसली होती. मागची भिंत चोवीस इंच रुंद, अठरा इंच उंच. बाजूच्या बारा इंच रुंद. सांध्यांना जुन्या साडीचा फॉल मैद्याच्या खळीनं चिकटवायचा, म्हणजे घडी होते. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं, कसर लागत नाही, पण ते विषारी असतं. मुलांपासून दूर ठेवा, हात धुवा. आणि ज्या खोलीशी मूल खेळणार, तिच्या खळीत ते घालूच नका. भिंतींना गेरू नाहीतर लग्नपत्रिकांच्या मागची कोरी बाजू. जमिनीला चटईचा तुकडा. थर्माकोलकडं वळू नका, २०१८ पासून आपल्या राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि पुठ्ठा घडी होतो तसा तो होत नाही. बाहुली भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, सावली भिंतीवर पडत नाही. फोटो दारातल्या सावलीत, सकाळी दहाच्या आत, खाली बसून, मोबाइल बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून.

आम्हाला एका खोलीला साठ-सत्तर रुपये पडतात, त्यात मोठा खर्च डिंक आणि रंगाचा. ऑर्डरी सुरू झाल्यात. खूप नाहीत, पण भाव पाडणं थांबलं.

काकू अजून खोटं घरच म्हणतात. तरी पडद्यांसाठी ब्लाउजपीसचे तुकडे त्याच आणून देतात. आमच्या मैत्रिणीनं तिच्या खोलीच्या दारावर नखाएवढी पाटी लावली, स्वतःच्या नावाची. नवऱ्याचं नाव नाही, भावाचंही नाही. एका गिऱ्हाइकानं ती खोली बाहुलीसकट मागितली. तिनं दुसरी करून दिली, ती दिली नाही.

कुणाला करून बघायचं असेल तर गटाच्या कार्यालयात मंगळवारी दुपारी या, येताना कात्री आणा. पुठ्ठा फ्रिजच्या दुकानातून शनिवारी सकाळीच मागून ठेवा, दुपारी भंगारवाला घेऊन जातो.