अपारगम्य पृष्ठभागांवरील मर्यादा (मेरीलँड)

पावसाचे पाणी जमिनीत मुरू न देणाऱ्या पृष्ठभागास अपारगम्य पृष्ठभाग म्हणतात. घराचे छप्पर, डांबरी रस्ता, काँक्रीटचे अंगण आणि वाहनतळ ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. खासगी भूखंडावर असे आच्छादन किती असावे, यावर अनेक देशांत बंधने आहेत. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील नियम त्यांपैकी विशेष वादग्रस्त ठरले.

पार्श्वभूमी

१०० चौ. मी. फरसबंदीवर २५ मिमी पाऊस पडल्यास सुमारे २,५०० लिटर पाणी जमते. मोकळ्या मातीत त्यातील बराच भाग मुरतो. फरसबंदीवरून मात्र ते जवळजवळ सर्व वाहून जाते व जाताना तेल, गाळ, खतांतील नत्र आणि स्फुरद ओढ्यात नेते. मेरीलँडमधील बहुतेक ओढे अखेर चेसापीक उपसागरास मिळतात. तेथील खेकडे व कालवे यांवर अनेकांची उपजीविका अवलंबून असल्याने एकाच्या अंगणातील काँक्रीट हा केवळ त्याचा खासगी प्रश्न उरत नाही.

नियम

१९८४ च्या कायद्याने भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या किनाऱ्यापासून १,००० फुटांचा (सुमारे ३०५ मी.) पट्टा संवेदनशील ठरविला. त्यातील विरळ वस्तीच्या भागांत भूखंडावरील आच्छादन साधारणतः १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित असते. जुन्या लहान भूखंडांना सवलत आहे. नियमाची अंमलबजावणी काउंटी व नगरे करतात. २००८ च्या दुरुस्तीने खडी, फरशा, इतकेच नव्हे तर पाणी झिरपू देणारी फरसबंदीही आच्छादनात मोजली जाऊ लागली. पाणी झिरपू देणाऱ्या फरशीवर खर्च करणाऱ्या मालकास हे अन्यायाचे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अशा फरशीची छिद्रे वेळोवेळी साफ न केल्यास गाळाने बुजतात, हेही खरे.

पर्जन्यजल आकार

२०१२ मध्ये राज्याने ९ काउंट्या व बाल्टिमोर शहर यांना पर्जन्यजल व्यवस्थापनासाठी मालमत्ताधारकांकडून आकार वसूल करण्यास बांधील केले. आपल्याच आवारात पाणी जिरविणाऱ्यांना त्यात सूट ठेवली होती. विरोधकांनी त्यास ‘पावसावरचा कर’ असे नाव दिले आणि ते लोकांच्या तोंडी बसले. फ्रेडरिक काउंटीने तर निषेधादाखल प्रत्येक मालमत्तेवर अवघा १ सेंट आकारला. २०१४ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि २०१५ मध्ये सक्ती उठली. आकार ठेवावा की नाही, हे स्थानिक शासनांवर सोपविण्यात आले.

एलिकॉट सिटी

हॉवर्ड काउंटीतील हे जुने गाव अरुंद, खडकाळ दरीत वसले आहे. ३० जुलै २०१६ रोजी सुमारे दोन तासांत जवळपास १५० मिमी पाऊस पडून मुख्य रस्त्यास नदीचे रूप आले. दोघांचा मृत्यू झाला. २७ मे २०१८ रोजी पुन्हा पूर येऊन एकाचा बळी गेला. अशा अतिवृष्टीत दरीची रचनाच घातक ठरते. तरी वरच्या अंगास वाढलेल्या वसाहतींनी पाण्याचा लोंढा वाढविला, अशी अनेक रहिवाशांची तक्रार होती. २०१८ मध्येच काउंटीने त्या पाणलोट क्षेत्रातील नव्या बांधकामास तात्पुरती स्थगिती दिली.