कातडीची ओल

कामगार चळवळीत उभे आयुष्य काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून क्रीम आणि मलमे यांच्यासंबंधी बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. हा विषय शृंगाराचा, बायकांच्या फणीकरंड्याचा, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्या मंडळींत आम्ही वावरतो त्यांचे हातपाय पाहिले की ही समजूत टिकत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बोटांची पेरे, सिमेंट कालवणाऱ्या गवंड्याचे तळवे, ऊसतोडणी कामगाराच्या टाचा यांवर पडलेल्या भेगा म्हणजे काही रूपाचा प्रश्न नव्हे. भेगेतून रक्त आले की कामावर खाडा होतो आणि खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा कातडी मऊ कशाने राहते, हे माणसाला केव्हा आणि कसे कळले, याचा इतिहास आम्ही आमच्या बाजूने सांगणार आहो.

प्रथम एक प्रयोग सांगतो, कारण पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे. 1952 साली अमेरिकेत बोस्टन येथील अर्विन ब्लँक या संशोधकाने तळपायाच्या घट्ट्याचे, म्हणजे निबर झालेल्या मृत कातडीचे तुकडे घेतले. वाळलेला तुकडा वाकवू गेले तर मोडे. तो तेलात बुडवून ठेवला, तरी बाहेर काढल्यावर तसाच कडक. लोकरीच्या चरबीत ठेवला, व्हॅसलीनमध्ये ठेवला, कडकपणा जाईना. साध्या पाण्यात ठेवला मात्र, आणि तो मऊ होऊन वाकू लागला. कातडीचा मऊपणा तेलाचा नाही, पाण्याचा आहे, ही गोष्ट अशी सिद्ध झाली. आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो की कातडीला तेल ‘पाजावे’. कातडी पिते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी उडून जाऊ नये म्हणून वर झाकण घालण्याचे.

हे झाकण मुळात कातडीजवळ स्वतःचे असते. अंगावर सर्वांत वरचा मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो; तळहात-तळपायांवर पुष्कळ अधिक. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीटर इलायस यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात त्याची रचना उलगडून दाखविली, तेव्हा उपमा घेतली ती विटांच्या भिंतीची. पेशी या विटा. त्यांच्या दरजांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा चुना. आमच्या गवंडी मित्रांना हे चटकन समजते. कडक साबण, कपडे धुण्याची पावडर आणि कढत पाणी दरजांतला हा चुना काढून नेतात, मग भिंतीतून ओल बाहेर जाते आणि बाहेरचा उपद्रव आत शिरतो.

हे शास्त्र अलीकडचे असले, तरी व्यवहार फार जुना आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गॅलेनने मेण, तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून एक लेप केला. अंगाला लावल्यावर त्यातले पाणी सुटून उडते आणि गार वाटते. आजच्या ‘कोल्ड क्रीम’ या नावाचा उगम तोच. आपल्याकडे चरकसंहितेत शतधौत घृत सांगितले आहे. तूप पाण्याने शंभर वेळा धुवायचे, म्हणजे ते पांढरे, हलके, लोण्यासारखे होते. एकाने मेणात पाणी कोंडले, दुसऱ्याने तुपात, तत्त्व एकच. शंभर वेळा धुण्याचे कष्ट कोणाच्या मनगटांनी घेतले, हे मात्र ग्रंथात लिहिलेले नसते!

कोकणात तर याहून सोपे औषध घरोघर होते. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या. वर आलेला मेद काढून थिजत आला की मुठीत दाबून गोळा करायचा. यालाच मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. घरच्या हवेत ते टणक राहते, पण जरा ऊब दिली की वितळते. टाच धुऊन ओलसर असतानाच त्यावर गरम केलेले मुठेल चोळावे, हा भेगांवरचा उपाय ब्लँकच्या प्रयोगाशी अगदी जुळणारा आहे.

आता आपण कारखान्यांच्या युगात येतो, आणि येथून आमच्या जिव्हाळ्याचा भाग सुरू होतो.

1859 साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे जमिनीतून खनिज तेल काढण्यास आरंभ झाला. रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनज्ञ देवमाशाच्या तेलापासून दिव्याचे तेल काढण्याचा धंदा करी. या नव्या तेलाने आपला धंदा बुडणार हे ओळखून तो पाहणीला गेला. विहिरीवरच्या मजुरांना एका मेणचट गाळाचा फार त्रास असे. तो उपसायच्या दांड्यांवर साचून काम अडवी. परंतु हेच मजूर कापल्या-भाजल्या जागेवर तो गाळ फासत आणि जखमेला आराम पडतो असे सांगत. चेसब्रोने तो गाळ घरी नेला, हाडांच्या कोळशातून गाळून शुद्ध केला आणि 1872 मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेच व्हॅसलीन. चेसब्रोला पुढे इंग्लंडच्या राणीकडून ‘सर’की मिळाली, तो म्हणे रोज चमचाभर व्हॅसलीन खातही असे. ज्या मजुरांनी तो गाळ प्रथम आपल्या हाताला लावून पाहिला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही.

पण याच खनिज तेलाची दुसरी बाजू व्हॅसलीनच्या बाटलीवर कोणी छापत नाही. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत ‘म्यूल’ नावाची कातण्याची यंत्रे असत. त्यांच्या चात्यांना खनिज तेल घालीत. फिरत्या चात्यांवरून त्याचे तुषार उडत, आणि यंत्रावर ओणवे होऊन तुटलेले सूत सांधणाऱ्या कामगाराची विजार पुढच्या बाजूने त्या तेलाने चिंब होई. वर्षानुवर्षे हे तेल जांघेच्या कातडीत मुरे. 1922 साली मँचेस्टरच्या साउदम आणि विल्सन या डॉक्टरांनी तिथल्या मोठ्या रुग्णालयातल्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. वीस वर्षांत अंडकोशाच्या कातडीच्या कर्करोगाचे जे रोगी आले, त्यांत जवळजवळ निम्मे म्यूलवर काम करणारे होते. दोष ‘खनिज’ या शब्दात नव्हता, शुद्धीकरणात होता. कच्च्या तेलातील घातक द्रव्ये काढून टाकलेले पांढरे तेल वापरले तर धोका टळण्यासारखा होता. असे शुद्ध तेलच वापरावे असा सक्तीचा नियम ब्रिटनमध्ये झाला तो 1953 साली. मध्ये एकतीस वर्षे गेली. स्त्रियांच्या चेहऱ्यासाठी तेल गाळून द्यावे, हे व्यापाऱ्याला 1872 मध्ये सुचले. कामगाराच्या जांघेसाठी गाळून द्यावे, हे कायद्याला सुचण्यास आणखी 81 वर्षे लागली. आम्ही हे कडवटपणाने सांगत आहो असे कोणास वाटल्यास ते बरोबर आहे.

आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यातील रोगांच्या परिशिष्टात कातडीचा कर्करोग, क्रोमियमचे व्रण आणि खनिज तेलाने उठणारे फोड व त्वचारोग यांची नावे होती. नाव परिशिष्टात असणे आणि कामगाराचा रोग त्या नावाखाली नोंदला जाणे यांत केवढे अंतर असते, हे ज्याने एकदा तरी असा दावा चालवला आहे त्यालाच विचारावे.

मेंढीच्या लोकरीची गोष्टही अशीच आहे. लोकर धुताना निघणारी चरबी ही गिरण्यांना घाण वाटे. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या गटारांत ती इतकी साचे की नगरपालिकेने ती सांडपाण्यातून काढून विकायला सुरुवात केली. जर्मनीत लीब्राइख आणि ब्राउन यांनी 1882 मध्ये ती शुद्ध करून ‘लॅनोलिन’ केले. तिचा विशेष हा की ती स्वतःत भरपूर पाणी सामावून घेते. तिच्यापासूनच आयझॅक लिफशुट्झ या रसायनज्ञाने तेल आणि पाणी टिकाऊपणे एकत्र बांधणारे द्रव्य काढले, आणि त्यावरून 1911 मध्ये हॅम्बुर्गच्या ऑस्कर ट्रोप्लोविट्झ या कारखानदाराने निव्हिया क्रीम बाजारात आणले. या ट्रोप्लोविट्झचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. त्याने 1912 मध्ये आपल्या कारखान्यात कामाचा आठवडा 48 तासांवर आणला. त्याच सुमाराला, 1911 च्या कायद्याने, आपल्या कापडगिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला होता. तो 1918 मध्ये वारला. 1933 मध्ये नाझी सत्तेवर येताच त्या कंपनीच्या ज्यू चालकांना पायउतार व्हावे लागले.

ग्लिसरीनचा तर न्यायच वेगळा. साबण करताना तेलातून ग्लिसरीन सुटते. ते हवेतले व कातडीच्या आतले पाणी ओढून धरते, म्हणून कातडीला हितकर. कारखानदार ते साबणातून काढून घेऊन निराळे विकतो. म्हणजे साबणाने हात कोरडे पडले की त्याच कढईतले ग्लिसरीन आपण दुसऱ्या बाटलीतून विकत आणतो! आपल्या आजीच्या कपाटातली ग्लिसरीन-गुलाबपाण्याची बाटली मात्र शहाणपणाची होती. नुसते ग्लिसरीन कोरड्या हवेत कातडीतलेच पाणी ओढते. पाणी मिसळून लावले तर उपयोग.

मुंबईत 1919 मध्ये पाटणवाला यांनी अफगाण स्नो काढला, कलकत्त्यात 1929 मध्ये बोरोलीन निघाले. दोन्ही स्वदेशी, आणि दोहोंचा आम्हांला अभिमान आहे. पण ‘स्नो’ या प्रकारात स्निग्धांश थोडा असतो. तो चेहऱ्यावर तुकतुकी देतो, भेगाळलेल्या टाचेला पुरत नाही. पुढे 1975 मध्ये गोरेपणाचे वचन देणारे क्रीम आले आणि कातडीची ओल हा विषय मागे पडून कातडीचा रंग हाच विकण्याचा माल झाला. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढला गेला. पंचेचाळीस वर्षे सावळ्या मुलींना जे ऐकावे लागले, ते नाव बदलून पुसले जाईल असे आम्हांस वाटत नाही.

या साध्या पदार्थांत किती सामर्थ्य आहे याचे उदाहरण शेजारच्या ढाक्यात मिळते. तेथील शिशू रुग्णालयात 33 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावून पाहिले. अपुऱ्या दिवसांच्या बालकाची कातडी अगदी कच्ची. तिच्यातून पाणी जाते आणि रोगजंतू आत येतात. तेल लावलेल्या बालकांत रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळले. 2005 साली हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परंतु कोणतेही तेल चालते असे मात्र नाही. मोहरीच्या तेलाने कातडीची भिंत सुधारण्याऐवजी बिघडते, असे याच संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत दिसले होते.

सिमेंटच्या बाबतीत मात्र कोणत्याही मलमावर विसंबू नये. त्यातील क्रोमियमची कातडीला एकदा वाकडी लागली की ती जन्मभर सुटत नाही. त्यावर उपाय मालातच करावा लागतो. डेन्मार्कने 1983 मध्ये सिमेंटमधील अशा क्रोमियमवर मर्यादा घातली. सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट घातले की काम होते. युरोपच्या इतर बऱ्याच देशांत ती मर्यादा 2005 पासून आली. एका मालकाच्या माणसाने आमच्या मागणीपत्रातील हातमोजे खोडून त्या जागी ‘मलमाचा डबा’ लिहिला होता. ती दुरुस्ती आम्ही स्वीकारली नाही. डबाही हवा आणि मोजेही हवेत.

राहिला घरचा व्यवहार. दिवाळीच्या अभ्यंगात आपण आधी तेल लावतो आणि मग उटण्याने ते काढून टाकतो. आधीचे तेल साबणापासून कातडी राखते हे खरे, पण नंतर काहीच न लावल्यास अंगात शिरलेले पाणी घटकाभरात उडून जाते. तेव्हा कोमट पाण्याने आंघोळ करावी, अंग घासून कोरडे न करता टिपून घ्यावे, आणि ओल आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, लेप लावावा. टाचांना आणि हातांना घट्ट मलम, व्हॅसलीन किंवा मुठेल. अंगाला पातळ क्रीम. टाच फार निबर असेल तर युरियायुक्त मलम औषधाच्या दुकानात मिळते. शेतातल्या पोत्यातला युरिया मात्र लावू नये. घेताना शक्यतो बिनवासाचे घ्यावे, कारण पुष्कळांची कातडी उठते ती सुगंधाने. डब्याच्या किमतीचा मोठा भाग वासाचा, वेष्टनाचा आणि जाहिरातीतल्या नटीचा असतो. स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की मलम मुरलेले कापड आगीजवळ चटकन पेट घेते. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी टाचेची भेग लहान म्हणून सोडून देऊ नये. त्यांना ती दुखत नाही, हाच तिचा धोका. रोज रात्री पाय दिव्याखाली धरून पाहावे, आणि भेग लाल दिसली किंवा ओली झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.