एसक्यूलाइटमध्ये स्वतःचं सी फंक्शन कसं लिहायचं आणि तपासायचं?

तुमच्या फोनमधली बरीच ॲप्स माहिती साठवायला एसक्यूलाइट डेटाबेस वापरतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस सी भाषेत लिहिलेला आहे. मजकुराची लांबी मोजायला त्यात लेंग्थ नावाचं फंक्शन आहे. त्याला 'मराठी' हा शब्द दिला, की उत्तर येतं ५! कारण ते युनिकोड चिन्हं मोजतं: म, र, काना, ठ, वेलांटी. आपल्याला अक्षरं दिसतात तीनच. 'क्षत्रिय' तर ८ भरतो. ॲपने नावाला १० ची मर्यादा या मोजणीने घातली, तर मराठी नावं मध्येच अडतात.

यावर उपाय म्हणजे एक्स्टेंशन फंक्शन. आपण सीमध्ये लिहायचं आणि डेटाबेसला जोडायचं.

लिहायचं कसं?

१. सी फाइलमध्ये एसक्यूलाइटची एक्स्टेंशनसाठीची हेडर फाइल घ्या.

२. मोजणीचं फंक्शन लिहा. मजकूर यूटीएफ-८ मध्ये मागा. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून बाइट न मोजता चिन्हं वाचत जा. काना-मात्रा, अनुस्वार आणि हलंत (पाय मोडल्याची खूण) सोडून द्या. हलंतानंतर लगेच आलेलं व्यंजनही मोजू नका. ते जोडाक्षराचाच भाग असतं.

३. इनिट फंक्शनमधून 'अक्षरे' हे नाव नोंदवा. हो, देवनागरी नाव चालतं!

४. जीसीसीने शेअर्ड लायब्ररी बनवा आणि लॅपटॉपवर एसक्यूलाइटच्या शेलमध्ये लोड करा. सुरक्षेसाठी ॲपमध्ये ही लोडिंगची सोय मुळात बंद असते, ती मुद्दाम चालू करावी लागते.

तपासायचं कसं?

एक्स्टेंशन ॲपच्याच प्रोसेसमध्ये चालतं. एक पॉइंटर चुकला, तरी अख्खं ॲप बंद पडू शकतं. म्हणून या चाचण्या हव्यातच:

• 'मराठी' आणि 'क्षत्रिय': दोन्हींचं उत्तर ३.

• रिकामा मजकूर: ०.

• नल: इथे मजकुराचा पॉइंटरही नल येतो. आधी तो तपासा आणि उत्तरही नलच द्या.

• 'दऱ्या' आणि 'दर्‍या': दिसायला सारखे, पण दुसऱ्यात झीरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह आहे. लेंग्थ ५ आणि ६ सांगतं. आपलं उत्तर दोन्हींना २ यायला हवं, म्हणजे हलंतानंतरचा जॉइनर ओलांडून पुढचं व्यंजन बघायला हवं.

• तुटका मजकूर: 'म' च्या ३ पैकी पहिले दोनच बाइट ब्लॉब म्हणून घ्या आणि कास्टने त्याचा मजकूर बनवा. फंक्शनने तिसरा बाइट गृहीत धरला, तर ते हद्दीबाहेरची मेमरी वाचेल. असं वाचन पकडायला शेल आणि एक्स्टेंशन दोन्ही ॲड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल करा.

या सगळ्या क्वेरी एका फाइलमध्ये ठेवा आणि कोडमध्ये प्रत्येक बदल केल्यावर पुन्हा चालवा. उत्तर बरोबर येणं पुरेसं नाही, वेडावाकडा मजकूर आला तरी ॲप चालू राहिलं पाहिजे.